ब्लॅक हॉक डाउन (मार्क बोडेन): वाचलेल्यांनी मतं सांगा, पिक्चरबद्दल नाही, पुस्तकाबद्दल

पानवाचक
पुस्तक जुनंच आहे, १९९९ चं, त्यामुळे इथे बऱ्याच जणांनी वाचलं असणार. मी आत्ता संपवलं आणि डोक्यातून जाईना म्हणून धागा काढतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ३ ऑक्टोबर १९९३, सोमालियाची राजधानी मोगादिशू. अमेरिकेचे रेंजर आणि डेल्टा फोर्सवाले (दोन्ही सैन्याच्या खास तुकड्या) मिळून साधारण १६० जण, १९ विमानं-हेलिकॉप्टरं आणि १२ गाड्या घेऊन भर दुपारी बकारा बाजाराजवळच्या एका इमारतीवर छापा घालायला निघतात. तिथला टोळीप्रमुख मोहम्मद फराह ऐदीद, त्याचे दोन मोठे साथीदार उचलायचे आणि परत यायचं, तासाभराचं काम. माणसं उचललीही जातात. तेवढ्यात आरपीजी (खांद्यावरून डागायचं रॉकेट) लागून एक ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पडतं, वीसेक मिनिटांत दुसरं पडतं, आणि तासाभराचं काम दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालतं. १८ अमेरिकन मेले, ७३ जखमी. सोमाली किती मेले त्याचा आकडा पुस्तकात किमान ५०० असा आहे, जखमी हजारावर.

मला ज्याने दिलं त्याने "जबरदस्त शौर्यकथा आहे" म्हणून दिलं होतं. शौर्य आहेच, नाही कोण म्हणतंय. पण मला हे पुस्तक घोळाचं वाटलं, म्हणजे लिहिण्यात घोळ नाही हो, घोळ हाच पुस्तकाचा विषय वाटला. विशेषतः तो वाट चुकलेल्या कॉन्व्हॉयचा, म्हणजे गाड्यांच्या ताफ्याचा भाग. कैदी गाडीत भरलेत, जखमी भरलेत, आणि हुकूम येतो की पहिलं हेलिकॉप्टर पडलंय तिकडे जा. जागा काही गल्ल्यांवर आहे. पायी निघालेले लोक पोचतातसुद्धा. आणि हा ताफा फिरत राहतो फिरत राहतो, प्रत्येक चौकात दोन्ही बाजूंनी गोळ्या खात, आणि शेवटी अर्ध्याहून जास्त लोक मेलेले किंवा जखमी अशा अवस्थेत तळावर परत जातो, त्या जागेवर न पोचताच. का, तर वर नौदलाचं ओरायन टेहळणी विमान सगळं बघतंय, त्याला रस्ता दिसतोय, पण त्याला गाड्यांशी थेट बोलता येत नाही. ते तळावरच्या कंट्रोल रूमला सांगणार, कंट्रोल रूम वर फिरणाऱ्या कमांड हेलिकॉप्टरला सांगणार, ते खाली ताफ्याच्या लेफ्टनंट कर्नल मॅकनाइटला सांगणार. "आता डावीकडे वळा" कानावर येईपर्यंत ते डावं वळण मागे गेलेलं असतं, आणि मग ड्रायव्हर पुढचं डावं घेतो.

हा भाग वाचताना मी अक्षरशः पान उलटायचं विसरलो. तुमचं काय मत?

सुरंगी
मी अर्ध्यात सोडलं, स्पष्टच सांगते. नावं किती ती! प्रत्येक पानावर नवीन सार्जंट, नवीन स्पेशालिस्ट, त्याचं गाव, त्याची बायको, त्याने आधी काय नोकरी केली, आणि चार पानांनी त्याला गोळी लागते. मला वाईट वाटायला हवं होतं पण मी मागे जाऊन बघत होते की हा कोण बरं. सिनेमात निदान चेहरे तरी असतात, तिथेही हेल्मेट घातल्यावर सगळे सारखेच दिसतात म्हणा.

दुपारची_झोप
सुरंगीताई, माझंही पहिल्यांदा तेच झालं होतं. उपाय सांगतो. सुरुवातीला नकाशा दिलाय त्याला खूण घालून ठेवा आणि माणसं लक्षात ठेवायच्या फंदात पडू नका, जागा लक्षात ठेवा. एक, इमारतीच्या चार कोपऱ्यांवर दोरावरून उतरलेले रेंजर. दोन, आत घुसलेले डेल्टावाले. तीन, गाड्यांचा ताफा. चार, पहिलं पडलेलं हेलिकॉप्टर (वोलकॉट पायलट होता ते, सुपर सिक्स वन). पाच, दुसरं (ड्युरंटचं, सुपर सिक्स फोर). आणि वर घिरट्या घालणारे. प्रत्येक प्रकरण यातल्या एका ठिकाणी घडतं. एवढं धरून ठेवलं की नावं आपोआप बसतात, नाही बसली तरी काही बिघडत नाही.

आणि एक, घाई करू नका. वर्तमानपत्रात हप्त्याहप्त्याने आलेलं लेखन आहे हे, फिलाडेल्फिया इन्क्वायररमध्ये १९९७ च्या शेवटी, २९ भाग. त्यामुळे तुकड्यातुकड्याने वाचलेलंच बरं पडतं.

पानवाचक
हो आणि त्या मालिकेची आणखी एक गंमत म्हणजे ती पेपरच्या वेबसाइटवरही टाकली होती, आवाजाच्या क्लिप आणि नकाशांसकट, आणि वाचक खाली प्रश्न विचारत होते. १९९७ साली! त्यात खुद्द लढाईत असलेले सैनिक येऊन सांगायचे की हे असं नव्हतं, तसं होतं, मी त्या कोपऱ्यावर होतो. बोडेनने पुस्तक करताना त्याचा उपयोग केला. बोडेन स्वतः फौजी नव्हे, पोलिस-कोर्ट-शहर असल्या बातम्या करणारा माणूस. मला वाटतं त्यामुळेच जमलं. फौजी लेखकाने शंभर गोष्टी गृहीत धरल्या असत्या, हा प्रत्येकाला "मग? मग काय झालं?" विचारत बसलाय.

आडवाट्या
मला एक कळत नाही. १८ माणसांचं गाव, बायको, शाळा, कुत्रा सगळं. आणि पाचशेच्या वर माणसं मेली त्यांचं काय? ती नुसती गर्दी. गल्लीतून येते, पडते, परत येते. "स्किनी" म्हणजे काटकुळे असं ते सैनिक सोमालींना म्हणायचे तेही पुस्तकात जसंच्या तसं येतं. खरी हकीकत म्हणता ना, मग अर्धीच खरी आहे.

पानवाचक
आडवाट्या, हा आक्षेप सिनेमाला शंभर टक्के लागू आहे. पुस्तकाला तेवढा नाही. बोडेन १९९७ मध्ये मोगादिशूला गेला होता, तिथल्या लोकांशी बोलला, आणि ती माणसं पुस्तकात आहेत. एक वकील आहे, त्याच्या नजरेतून बाजारातली गडबड दिसते. एक पोरगा आहे ज्याचा भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत जातो. ऐदीदच्या बाजूने लढणारे आहेत. आणि ड्युरंटला ११ दिवस कैदेत ठेवलं होतं तेव्हा त्याला सांभाळणारा फिरिंबी, ऐदीदचा प्रचारप्रमुख, त्याचा भाग तर मला पुस्तकातल्या सगळ्यात माणुसकीच्या पानांपैकी वाटला.

आणि मुख्य म्हणजे १२ जुलैचा प्रसंग आहे. १२ जुलै १९९३ ला अब्दी हाऊस नावाच्या घरात ऐदीदच्या हबर गिदिर कुळाच्या वडीलधाऱ्यांची बैठक चालू असताना अमेरिकन कोब्रा हेलिकॉप्टरांनी त्यावर क्षेपणास्त्रं टाकली. रेडक्रॉसने मेलेल्यांचा आकडा ५४ दिला. चिडलेल्या जमावाने तिथे आलेल्या चार परदेशी पत्रकारांना मारून टाकलं. बोडेन सरळ लिहितो की त्या दिवसानंतर त्या कुळातल्या ज्यांना ऐदीद नको होता तेही अमेरिकेच्या विरोधात गेले. ३ ऑक्टोबरला गल्लीगल्लीतून एवढी माणसं का धावून आली याचं उत्तर तिथे आहे.

आडवाट्या
आहे, मान्य. पण कुठे आहे? लढाई निम्मी झाल्यावर, मधेच, दोन-चार पानं. ज्याने आधी शंभर पानं गोळीबार वाचलाय त्याच्या मनात बाजू ठरून गेलेली असते. सुरुवात हेलिकॉप्टर उडण्यापासून करायची की अब्दी हाऊसपासून, हा निर्णय लेखकाचा असतो ना. ते पुस्तक अब्दी हाऊसपासून सुरू झालं असतं तर तुम्ही वेगळंच पुस्तक वाचलं असतंत.

त्याच्याही मागे जायचं तर ५ जून. त्या दिवशी २४ पाकिस्तानी शांतिसैनिक मारले गेले, म्हणून यूएनने ऐदीदच्या मागे लागायचं ठरवलं, त्याच्या डोक्यावर २५ हजार डॉलरचं इनाम लावलं. त्याच्या मागे डिसेंबर १९९२, दुष्काळात धान्य पोचवायला आलेलं सैन्य. धान्य वाटायला आलेले लोक सात महिन्यांत घरांवर क्षेपणास्त्रं कशी टाकायला लागले, ते खरं पुस्तक. बाकी गोळीबार सगळीकडे सारखाच.

दुपारची_झोप
गोळीबार सगळीकडे सारखा हे मात्र पटलं नाही बुवा. पण मुद्दा चांगलाय.

निवृत्त_सिग्नल
धागा वाचत होतो, राहवलं नाही म्हणून लिहितो. मी सिग्नल्सचा माणूस, नोकरीचा बराच काळ दुसऱ्यांचं बोलणं तिसऱ्यापर्यंत पोचवण्यात गेला, त्यामुळे कॉन्व्हॉयच्या प्रकरणाबद्दल.

रिलेमध्ये उशीर होतो तो यंत्रामुळे नाही, माणसामुळे. प्रत्येक टप्प्यावर एक माणूस ऐकतो, समजून घेतो, आणि मग आपल्या शब्दात पुढे बोलतो. शांत वेळी यात काही सेकंद जातात. पण त्याच रेडिओ-नेटवर दहा जण एकाच वेळी बोलत असतील, कुणी मेडिक मागतोय, कुणी आपली जागा सांगतोय, तर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या बोलण्यावर चढतं, मग "परत सांगा" सुरू होतं. आणि खाली गाडी थांबून राहू शकत नाही कारण थांबली की मेली. म्हणजे सांगणाऱ्याचं चित्र जुनं आणि ऐकणारा पुढे सरकलेला. यात कुणी मूर्ख नाही, कुणी भित्रा नाही. वरच्यालाही खालच्याला वाचवायचंच आहे, आणि तोच त्याला आगीतून फुफाट्यात पाठवतोय.

दुसरी गोष्ट जी वाचकांच्या नजरेतून सुटते. दुसरं हेलिकॉप्टर पडल्यावर "क्रॅश साइट" हा शब्द दोन जागांना लागू झाला. ताफ्यातल्या काहींना वाटतंय आपण पहिल्या जागी चाललोय, काही सूचना दुसऱ्या जागेच्या धरून येतायत. मोहिमेआधी जागांना कोडनाव देतात ते याचसाठी. पण हेलिकॉप्टर कुठे पडणार हे आधी माहीत नसतं, कोडनाव देणार कशाला?

तिसरी. डेल्टावाल्यांकडे प्रत्येकाच्या कानात रेडिओ होता, ते एकमेकांशी हळू आवाजात बोलू शकत होते. साध्या रेंजरकडे नव्हता, तो ओरडत होता. एकाच गल्लीत लढणारे दोन गट, एक कुजबुजतोय आणि एक बोंबलतोय. पुस्तकात दोन्ही गटांत जी कुरबुर दिसते, डेल्टावाल्यांना रेंजर पोरं कच्ची वाटतात, रेंजरांचा कॅप्टन स्टील डेल्टावाल्यांचं ऐकत नाही, त्यातली निम्मी कुरबुर मला रेडिओचीच वाटते.

सुरंगी
सर, हे वाचून मी पुस्तक परत उघडलंय. तुम्ही म्हणता तो कॉन्व्हॉयचा भाग मी पोचलेच नव्हते तिथवर.

डॉ_खोडरबर
माझं मत एका प्रसंगापुरतं. जेमी स्मिथ नावाच्या कॉर्पोरलला मांडीच्या अगदी वरच्या टोकाला गोळी लागते. जांघेतली मोठी रोहिणी तुटते. आता ही रक्तवाहिनी रबरासारखी असते, तुटली की तिचं टोक आत ओढलं जातं, ओटीपोटाकडे. मांडीला खाली कुठे लागलं असतं तर वर आवळपट्टी बांधून माणूस वाचला असता. इतक्या वर पट्टी बांधायला जागाच नाही. मेडिक काय करतो, जखमेत हात घालून ते टोक शोधतो, चिमट्यात धरायचा प्रयत्न करतो, अंधारात, भूल नाही, पोरगा शुद्धीवर आहे आणि किंचाळतोय, दोघं जण त्याला धरून बसलेत. टोक सापडत नाही. मग उरतं काय, तर हाताने दाबून धरणं. तासनतास. एकाचे हात दमले की दुसरा. सलाइन संपत येतं. ते परत परत विचारतात की हेलिकॉप्टर पाठवा, याला न्या. वरून उत्तर येतं की नाही उतरवता येणार, कारण संध्याकाळी पाणी आणि दारूगोळा टाकायला आलेलं एक ब्लॅक हॉक चाळणी होऊन परत गेलेलं असतं. स्मिथ त्या रात्री जातो.

मी हा भाग विद्यार्थ्यांना वाचायला सांगतो. कारण यातून पुढे खरंच काही बदललं. रणांगणावरचे उपचार हॉस्पिटलच्या क्रमाने करायचे नाहीत, गोळीबार चालू असताना काय करायचं आणि थांबल्यावर काय करायचं हे वेगळं, रक्तस्राव आधी थांबवायचा, आवळपट्टीला घाबरायचं नाही, या सगळ्याची मांडणी १९९६ मध्ये अमेरिकन लष्करी वैद्यकाच्या नियतकालिकात आली, टॅक्टिकल कॉम्बॅट कॅज्युअल्टी केअर या नावाने. त्या मांडणीची सुरुवात मोगादिशूच्या आधीची आहे, सगळं श्रेय या एका लढाईला देऊ नये. पण मोगादिशूची उदाहरणं त्या चर्चेत कायम आली. आणि जांघेत, काखेत, जिथे साधी पट्टी बसत नाही तिथे दाब देणारी खास साधनं नंतर बरीच वर्षांनी आली.

आडवाट्यांचा मुद्दा मला पटतो तरी एक सांगतो. त्याच रात्री मोगादिशूच्या हॉस्पिटलांत सोमाली जखमींच्या रांगा लागल्या होत्या, तेही पुस्तकात येतं, पण ओझरतं. तिथल्या एका डॉक्टरची रात्र इतक्याच जवळून लिहिली असती तर बरं झालं असतं.

नवखा_वाचक
मी फक्त पिक्चर बघितलाय. रिडली स्कॉटचा, २००१ चा. पुस्तक वाचायची गरज आहे का मग?

दुपारची_झोप
आहे. पिक्चर मोरोक्कोत शूट केलाय, गल्ल्या छान जमल्यात, आवाज भारी आहे. पण पिक्चरमध्ये माणसं एकत्र करून टाकलीत, दोन-तीन खऱ्या माणसांचं एक पात्र, आणि सुटका करायला कोण आलं ते जवळजवळ गायब. खरं तर रात्री जो सुटकेचा ताफा निघाला त्यात पाकिस्तानी रणगाडे होते, मलेशियन चिलखती गाड्या होत्या, आणि अमेरिकेच्याच दहाव्या माउंटन डिव्हिजनचे लोक. एक मलेशियन सैनिक त्यात मेला. मुशर्रफने आपल्या आत्मचरित्रात यावर राग काढलाय की सिनेमाने पाकिस्तानींचं काम दाखवलंच नाही. मुशर्रफचं मला सगळंच पटतं असं नाही पण इथे त्याचं बरोबर होतं.

पुस्तकात हे सगळं आहे. त्यातले रुसवेफुगवेही आहेत, की गाड्या आमच्या, चालवणार आमचे, आत बसणार तुमचे, मग हुकूम कोणाचा.

आडवाट्या
हेच ते. सुटका करायला गेलेल्यांचीही नावं नाहीत लोकांना माहीत.

निवृत्त_सिग्नल
यूएनच्या त्याच मोहिमेत भारताचीही ब्रिगेड होती, बैदोआच्या बाजूला, मोगादिशूत नव्हे. तिथे आपले जवानही गेले आहेत. पुस्तकाचा तो विषय नाही त्यामुळे त्यात शोधू नका, पण धाग्यावर नोंद असावी.

सुरंगी
बरं, आता मी कॉन्व्हॉय संपवून पुढे गेलेय तर माझा प्रश्न. पहिल्या हेलिकॉप्टरजवळ लोक रात्रभर का थांबले? जखमींना घेऊन निघाले का नाहीत? मला कळलं ते असं की पायलट वोलकॉटचा मृतदेह सांगाड्यात अडकला होता आणि त्याला सोडून जायचं नाही म्हणून. एका मेलेल्या माणसासाठी जिवंत स्मिथसारखी पोरं गमावायची? कठोर वाटेल पण मला हे अजिबात पटलं नाही. त्यांच्या त्या रेंजर ब्रीदात बसत असेल.

पानवाचक
सुरंगी, दोन गोष्टी आहेत. संध्याकाळपासून त्यांना निघता येणंच शक्य नव्हतं, जखमी इतके होते की उचलणारे कमी आणि उचलायचे जास्त. सुटकेचा ताफा पोचला मध्यरात्रीनंतर. तोपर्यंत थांबण्याचं कारण मृतदेह नव्हतं. मृतदेहासाठी थांबले ते त्यानंतरचे तास, सांगाडा कापायला, ओढून फाडायला जो वेळ लागला तो. पहाटे साडेपाचच्या सुमारास निघाले. आणि निघाले तेव्हा चिलखती गाड्यांत जागा नाही म्हणून काही जण गाड्यांच्या आडोशाने पळत बाहेर आले.

पण तुमचा प्रश्न राहतोच. त्या शेवटच्या तासांत आणखी कुणी मेलं असतं तर?

निवृत्त_सिग्नल
सुरंगीताई, तुमचा हिशोब एका लढाईपुरता बरोबर आहे. सैन्याचा हिशोब पुढच्या लढाईचाही असतो. उद्या ज्या पायलटला त्याच शहरावर उडायचंय त्याने आज बघितलेलं असतं की पडलो तर आपल्याला आणायला येतात की नाही. दुसऱ्या हेलिकॉप्टरच्या जागी काय झालं ते बघा. ड्युरंट आणि त्याचे लोक पडलेत, चारी बाजूंनी जमाव येतोय, आणि वरून दोन डेल्टा स्नायपर, गॉर्डन आणि शुगार्ट, मागतायत की आम्हाला खाली सोडा. दोनदा नाही म्हणतात. तिसऱ्यांदा हो. दोघंही मेले, ड्युरंट जिवंत राहिला. दोघांना मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर मिळालं. माणसं अशी उडी का घेतात, तर आपल्यालाही कुणी असंच सोडणार नाही हे त्यांना माहीत असतं. तो विश्वास हिशोबात मांडता येत नाही, पण तो मोडला की उद्या कुणी उडत नाही.

सुरंगी
सर, आदर ठेवून असहमत. दुसऱ्या जागी जिवंत माणूस होता. जिवंत माणसासाठी उडी आणि मृतदेहासाठी मुक्काम या दोन गोष्टी एका दोरीत ओवू नका. आणि गॉर्डन-शुगार्टचे मृतदेह तरी कुठे आणता आले, दुसऱ्या जागी सुटका पोचली तेव्हा तिथे कुणीच उरलं नव्हतं. नंतर टीव्हीवर जे दाखवलं ते जगाने बघितलं.

दुपारची_झोप
सुरंगीताई +१. एका दोरीत ओवू नका, हे बरोबर बोललात.

खवचट_पोपट
अमेरिकेची जिरली एवढंच. व्हिएतनाममध्ये जिरली, इथे जिरली, अफगाणिस्तानात जिरली. आणि आपले काही लोक...

धागापाल
पोपटराव, पुढचा परिच्छेद काढून टाकलाय. इथल्या राजकारणासाठी वेगळा धागा आहे. पुस्तकावर बोला.

आडवाट्या
पोपटरावांचं जाऊ द्या पण प्रश्न बरा आहे, ही फत्ते होती की पानिपत? ज्यांना पकडायचं होतं ते पकडले. कागदावर फत्तेच आहे. अमेरिकन सैन्यातले काही लोक आजही तसंच म्हणतात. पण क्लिंटनने ३१ मार्च १९९४ पर्यंत सगळं सैन्य काढून घ्यायचं जाहीर केलं, संरक्षणमंत्री लेस अॅस्पिनला जावं लागलं, कारण सप्टेंबरमध्ये कमांडरने रणगाडे-चिलखती गाड्या मागितल्या होत्या त्या त्याने नाकारल्या होत्या. छाप्यांचा प्रमुख जनरल गॅरिसन, त्याने जबाबदारी घेतली. आणि ऐदीदच्या ज्या लोकांना पकडायला एवढं केलं त्यांना पुढे सोडून दिलं. एप्रिल १९९४ मध्ये रवांडात कत्तल सुरू झाली तेव्हा वॉशिंग्टनला मोगादिशू आठवत होतं आणि कुणी हललं नाही. एका दुपारच्या छाप्याची किंमत रवांडाने मोजली असं मी म्हटलं तर जास्त होईल, पण अगदीच खोटंही होणार नाही.

आणि नियतीचा विनोद बघा, ऐदीद १९९६ मध्ये सोमालींच्याच आपापसातल्या लढाईत जखमी होऊन मेला आणि त्याच्या जागी त्याचा मुलगा आला, जो अमेरिकेत राहून तिथल्या मरीन कोअरमध्ये राखीव सैनिक होता. हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं काहीही काय.

नवखा_वाचक
रणगाडे दिले असते तर वाचले असते का मग? सगळे म्हणतात अॅस्पिनमुळे मेले.

निवृत्त_सिग्नल
मला नाही वाटत एवढं सरळ आहे. या छाप्याची रचनाच अशी होती की हेलिकॉप्टरने झडप घालायची आणि निघायचं, वेग हेच चिलखत. चिलखती गाड्या असत्या तरी त्या पहिल्या ताफ्यात असत्या असं नाही. सुटकेचा ताफा लवकर निघू शकला असता हे मात्र खरं. संध्याकाळ ते रात्री अकरा एवढा वेळ कुणाच्या गाड्या, कुणाचे रणगाडे, कुठे जमायचं हे ठरवण्यात गेला. स्मिथसारखा एखादा कदाचित.

मला पुस्तकात सगळ्यात खटकलेली गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यावर कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. पडलेल्या हेलिकॉप्टरसाठी खास बचावपथक होतं, साधारण पंधरा जणांचं, डॉक्टरकीचं शिक्षण घेतलेली माणसं त्यात. एकच पथक, एकाच हेलिकॉप्टरमध्ये. पहिलं ब्लॅक हॉक पडल्यावर ते ठरल्याप्रमाणे गेलं. दोरावरून माणसं उतरत असताना त्या हेलिकॉप्टरलाही आरपीजी लागला. पायलटने लगेच निघून जायचा मोह आवरला, दोरावर अजून माणसं आहेत म्हणून ते तसंच अधांतरी धरून ठेवलं, सगळे उतरल्यावर मग कसंबसं तळावर नेलं. हे कौशल्य बघून कुणालाही सलाम करावासा वाटेल. पण मग दुसरं पडलं तेव्हा पाठवायला दुसरं पथक नव्हतंच. तळावरून स्वयंपाकी, कारकून असे लोक गाड्यांत चढून निघाले, रस्ताच मिळाला नाही.

आता हे बघा. २५ सप्टेंबरला, म्हणजे जेमतेम आठवडाभर आधी, त्याच शहरावर एक ब्लॅक हॉक आरपीजीनेच पाडलेलं होतं. रात्री. तीन जण मेले होते. आरपीजी हे रणगाड्यासाठी बनवलेलं हत्यार, त्याने उडतं हेलिकॉप्टर पाडणं अवघड, मागून निघणारा झोत नेम वर धरला की मारणाऱ्यालाच भाजून काढतो, म्हणून ते नशिबाने लागलं असं धरलं गेलं. समोरच्यांनी मात्र ते शिकून घेतलं होतं, शेपटीचा पंखा हे मर्म आहे हे त्यांना कळलं होतं. आणि आधीचे सहा छापे याच साच्यातले, सहाही धड पार पडलेले, त्यामुळे सातवाही त्याच साच्यातून काढला. दिवसाउजेडी, बकारासारख्या ठिकाणी. नाइट व्हिजन (अंधारात बघायचे चष्मे) बरेच जण तळावर ठेवून गेले कारण अंधार पडायच्या आत परत यायचं होतं. काहींनी पाण्याच्या बाटल्या, काहींनी पाठीची चिलखतपट्टी काढून ठेवली, वजन नको म्हणून.

दुपारची_झोप
सर, पण सहा वेळा जमलेली गोष्ट सातव्यांदा तशीच करणार नाही असा कमांडर कुठे असतो? आपणही तेच केलं असतं.

निवृत्त_सिग्नल
केलं असतं. दोन बचावपथकं मात्र मागितली असती. न मिळाल्यास लेखी मागितली असती.

पानवाचक
ज्यांना ड्युरंटबद्दल अजून वाचायचंय त्यांनी त्याचं स्वतःचं पुस्तकही बघा, २००३ मध्ये आलंय. कैदेतले दिवस त्यात जास्त सविस्तर आहेत. बोडेनचं आधी वाचा मात्र, कारण ड्युरंटला पाय मोडलेल्या अवस्थेत सीटवरून जेवढं दिसत होतं तेवढंच तो सांगू शकतो. आडवाट्या, तुम्हाला सोमाली बाजूने लिहिलेलं काही सापडलं तर इथेच टाका, वेगळा धागा नको.

आडवाट्या
शोधतोय. सापडलं की टाकतो. तोपर्यंत अब्दी हाऊसची पानं आधी वाचून मग पहिल्या प्रकरणाला हात घाला असं नवखा_वाचक यांना माझं सांगणं. लेखकाने तो क्रम दिला नाही म्हणून काय झालं.